कुलगुरू महोदय, विजेचे राजकारणही शिकवा

मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ

मी भाईंदरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आपल्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे. या पत्रात मागणी एकच आहे. विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राजकारण विभागात ऊर्जा, पायाभूत सुविधा आणि पर्यावरण यांच्या राजकारणाचा दोन वर्षांचा एम.ए. सुरू करावा, त्याचे वर्ग ठाण्याच्या उपपरिसरातही भरवावेत आणि तो मराठीतून शिकण्याची सोय पहिल्या वर्षापासून असावी.

मागणी मीरा-भाईंदरमधून येते आहे, त्याला कारण आहे. आमच्या शहराची महानगरपालिका झाली २००२ साली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेलेली होती. मिठागरे आणि भातशेती होती तिथे एका पिढीत टॉवर उभे राहिले. एवढ्या माणसांना वीज आणि पाणी कुठून येते, हे शहरात फार थोड्यांना माहीत आहे. घोडबंदरच्या उपकेंद्रात २२० केव्हीच्या वाहिन्या येतात त्या डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातून. पाण्यासाठी शहराने डोळे लावले आहेत ते सूर्या प्रकल्पाकडे. धामणी धरणाचे पाणी सूर्यानगरला शुद्ध करायचे, मेंढवण आणि तुंगारेश्वरच्या बोगद्यांतून दक्षिणेकडे आणायचे, अशी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) रोज ४०३ दशलक्ष लिटरची ही योजना. त्यातले १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ आमच्यासाठी, चेण्याच्या टेकडीवरच्या जलाशयात उतरणारे. वसई-विरारला त्यांचा वाटा २०२३ च्या अखेरीस मिळू लागला.

धामणी धरण मुळात बांधले होते शेतीच्या सिंचनासाठी. पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांनी हे पाणी शहरांकडे वळवायला वर्षानुवर्षे विरोध केला. आमच्याकडे मात्र चर्चा एकाच गोष्टीची, पाणी कधी येणार. दोन्ही बाजूंची माणसे खरे बोलत आहेत. मीरा रोडच्या सोसायटीत टँकरचे पैसे भरणारी बाई खोटी नाही आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाण्याची वाट पाहणारा शेतकरीही खोटा नाही. हे पाणी कोणाचे हा प्रश्न कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कार्यालयात, कोणाच्या सहीने सुटला, हे कागद काढून सांगू शकेल अशा माणसांची मात्र दोन्हीकडे वानवा आहे. मला राज्यशास्त्राची खरी जागा तिथे दिसते.

आणि आम्ही फक्त घेणारे नाही. शहराचे ओझे वाहणारा कोपरा शहरातच आहे, तो म्हणजे उत्तन. मीरा-भाईंदरचा कचरा धावगी डोंगरावर जातो. तिथे आग लागते तेव्हा धूर खाली कोळीवाड्यांत उतरतो. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा या गावांच्या जमिनीवर ठरली होती. गावकऱ्यांनी विरोध केल्यावर ती उत्तनजवळच्या डोंगरीला हलवायचे ठरले आणि २०२५ मध्ये तिथल्या बारा हजारांहून अधिक झाडांबाबत नोटीस निघाली. वर्सोवा-दहिसर-भाईंदर किनारी रस्त्याच्या वाटेत हजारो कांदळवृक्ष आहेत. एक गोष्ट मला फार बोचते. याच उत्तन परिसरात न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीही इथेच, केशवसृष्टीत. निवाडा करणारे इथे शिकतात, निर्णय घेणारेही इथे शिकतात. ज्यांच्यावर निर्णय होतो त्यांना हे शिकण्यासाठी मात्र या शहरात काही नाही.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात मी प्रत्येकाला घरचे लाइट बिल आणायला सांगितले. बिले बाकावर पसरली. स्थिर आकार, ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि शेवटी १६ टक्के वीज शुल्क. एवढे रकाने असतात हे अनेकांनी पहिल्यांदाच पाहिले. घरात बिल येते, बाबा मोबाइलवरून भरतात, विषय संपतो. दोन मुलींची युनिटे जवळपास सारखी होती, पण रक्कम वेगळी. वीज कंपन्याच दोन होत्या. मुंबई महानगरात एकाच भागात दोन वीज कंपन्या ग्राहकांना वीज विकू शकतात, हे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादातून ठरले, असे सांगितल्यावर वर्ग एकदम जागा झाला. उत्तनच्या कोळी कुटुंबातला एक मुलगा म्हणाला, बर्फाच्या कारखान्याचे बिल वाढले की आमच्या बोटीचा बर्फ महाग होतो, मग हा दर ठरवतो कोण? मी सांगितले, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. त्याचा पुढचा प्रश्न होता: तिथे आपल्याला जाऊन बोलता येते का?

येते. कंपनीने दरवाढीची याचिका दाखल केली की वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती मागवल्या जातात, जनसुनावणी होते. साधा ग्राहक मराठीतून हरकत देऊ शकतो. २०२५ च्या मार्चमध्ये आयोगाने पुढच्या पाच वर्षांच्या दरांचे आदेश दिले, त्याआधीही हे सगळे झाले. पण शेकडो पानांची याचिका वाचून तिच्यात भांडवली खर्च कुठे फुगवला आहे, वीजखरेदीचा कोणता करार महाग पडतो आहे, हे दाखवायला तयारी लागते. ती तयारी आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात होत नाही, तिथे नियामक आयोग जेमतेम उल्लेखापुरता येतो. एम.ए.लाही या विषयावर स्वतंत्र विशेषीकरण नाही. झाडांच्या बाबतीत हेच. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली नोटीस लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. सात दिवसांत माणूस एक तर सह्या गोळा करतो किंवा कायदा वाचतो. दोन्ही करायचे तर कायदा आधीच माहीत असावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने दोनशे किंवा अधिक झाडांचे प्रकरण राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे सोपवले, हे किती नगरसेवकांना ठाऊक असेल?

राज्यशास्त्र विभागात विजेचे आणि धरणाचे काय काम, असे कोणी अभ्यास मंडळात विचारील, म्हणून दोन उदाहरणे देते. १९२१ मध्ये टाटांच्या वीजधरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि मावळची जमीन पाण्याखाली जाणार होती. जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हणून त्याचा सविस्तर अभ्यास केला तो राजेंद्र व्होरा यांनी. व्होरा पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर २००९ मध्ये आला. शेतकरी, सावकार, कंपनी, काँग्रेस आणि सरकार यांच्यातले संबंध उलगडायला अभियंता पुरला नसता.

दुसरे उदाहरण दाभोळच्या वीजप्रकल्पाचे. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार झाला, १९९३ च्या अखेरीस वीजखरेदीचा करार. १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला आणि पुन्हा वाटाघाटी करून आधीपेक्षा मोठा स्वीकारला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, त्याच वर्षी अमेरिकेत मूळ कंपनीचेच दिवाळे निघाले. वीज घेतली नाही तरी पैसे मोजायचे आणि तेही डॉलरच्या दराशी बांधलेले, ही त्या करारातली ग्यानबाची मेख होती. तिचे गणित १९९५ मध्येच लोकांसमोर मांडले पुण्याच्या ‘प्रयास’ने, म्हणजे गिरीश संत आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी. या कराराचा आढावा घेणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल आला २००१ मध्ये, नुकसान होऊन गेल्यावर. महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत महागडा वीजकरार आमच्या विद्यापीठांत आजही एखाद्या व्याख्यानापुरताच येतो, याची मला शिक्षक म्हणून लाज वाटते.

आणि आमची वीज जिथून येते ते डहाणू? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तिथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये जाईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये डहाणूच्या किनाऱ्यावरचे वाढवणचे बंदर नाकारले आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणला परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये ७६,२०० कोटींच्या बंदराचे भूमिपूजन झाले. समुद्र तोच, कोळी तेच, पंचवीस वर्षांत निकाल उलटा. तो का उलटला, यावर एक उत्तम प्रबंध मुंबई विद्यापीठात व्हायला हवा. आपल्या परिसरापासून डहाणू लोकलच्या अंतरावर आहे.

असा अभ्यास परदेशात होतो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात विज्ञान-धोरण संशोधनाचे केंद्र १९६६ पासून आहे आणि ऊर्जा धोरण तिथे पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाते. आमची ऐपत असलेली मुले कर्ज काढून तसल्या अभ्यासक्रमांना जातात, त्यातली बरीच तिकडेच राहतात. इकडच्या धरणांचा आणि वीजदरांचा अभ्यास इकडेच राहिलेल्या मुलामुलींनी करायला हवा.

अभ्यासक्रमाची चौकट नवी शोधण्याची गरज नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या एम.ए.च्या आराखड्यात संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कार्यानुभव आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आहेतच. कार्यानुभवासाठी मुलांना आयोगाच्या जनसुनावणीला बसवा, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या बैठकांची टिपणे घ्यायला लावा, पर्यावरण जनसुनावणीआधी गावात जाऊन अहवाल समजावून सांगायला पाठवा. २००६ च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश तेवढा स्थानिक भाषेत मिळतो, मूळ शेकडो पाने इंग्रजीतच असतात. ती पाने मराठीत आणणे हाही प्रकल्प धरावा. तयार झालेली भाषांतरे आणि प्रबंध ग्रंथालयात सर्वांना खुले ठेवावेत, म्हणजे पुढच्या हरकतदाराला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही.

प्रवेश कला शाखेपुरता ठेवू नये. विद्युत अभियंता, वनस्पतिशास्त्राची पदवीधर, महापालिकेत नोकरी करणारा कनिष्ठ अभियंता, सगळ्यांना दार उघडे असावे आणि नोकरदारांसाठी वर्ग संध्याकाळी भरावेत. पालघरच्या आदिवासी आणि किनाऱ्यावरच्या कोळी, आगरी मुलांना शुल्कात खरी सवलत मिळावी. या अभ्यासक्रमाला कोणतेही तज्ज्ञ बाहेरून आणावेत, पण ज्या कंपन्यांचे दर आणि ज्या प्राधिकरणांचे प्रकल्प तिथे तपासले जाणार त्यांच्याकडून देणगी किंवा अध्यासन घेऊ नये. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकदा इमारतीवर नाव लागले की प्रबंधाचे विषय आपोआप बदलतात.

नोकऱ्या मिळतील का, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. वीज कंपन्यांत नियामक कामकाजाचे विभाग आहेत, मुंबईने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा केला तसे आराखडे इतर शहरांना करावे लागणार आहेत, सल्लागार संस्था आणि वृत्तपत्रांना असे अभ्यासक लागतात. जागा हजारांनी निघणार नाहीत. म्हणून पहिली तुकडी वीस-पंचवीस जणांचीच असावी आणि ती नीट शिकवावी.

आपल्याला विनंती अशी की, राज्यशास्त्र अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत हा प्रस्ताव विषयपत्रिकेवर घ्यावा आणि तो विद्या परिषदेसमोर जाईल असे पाहावे. अभ्यासक्रम आखताना एक बैठक विद्यापीठाचा कलिना परिसर सोडून भाईंदरला किंवा उत्तनला घ्या. तिथले मच्छीमार, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि पालघरचे शेतकरी यांना बोलवा आणि त्यांना काय शिकायचे आहे ते विचारा. जागेची आणि माणसे जमवण्याची जबाबदारी मी घेते.

आपली नम्र,
भाईंदर येथील राज्यशास्त्राची एक प्राध्यापिका