राजांगणाचा फोटो

गिरगावातल्या खोताच्या वाडीत एका लाकडी घरासमोर मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो. जिन्याचा कठडा, कौलांची उतरण, दारातल्या कुंड्या, सगळं मनासारखं जमून आलं होतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "काय हो, विचारायची पद्धत नाही का?"

सत्तरीच्या पुढच्या एक बाई दारात आल्या. मी ओशाळून म्हटलं, "माफ करा आंटी, मी गोव्याहून आलोय."

"गोंयचो? खंयचो?"

गाव सांगितला. त्यांच्या वडिलांचं घर साळगावचं निघालं. मग पायरीवर बसायला सांगून त्यांनी मला जे ऐकवलं, ते अजून कानात आहे. "रोज कोण ना कोण येतं. लग्न ठरलेली पोरं-पोरी सूट-गाऊन घालून माझ्या पायरीवर बसतात. मी दूध आणायला निघाले तर तो कॅमेरावाला मला सांगतो, आंटी, जरा बाजूला व्हा. माझ्या घराच्या फोटोतून मीच बाजूला व्हायचं?"

मी मान खाली घातली, कारण मीदेखील दहा मिनिटं त्याचीच वाट बघत होतो. दारात कोणी नसावं, दोरीवरचे कपडे दिसू नयेत, घर रिकामं आणि जुनं दिसावं. मला त्यांचं घर हवं होतं, त्या नको होत्या. हा लेख त्या शरमेतून लिहितो आहे.

आधी थोडं माझ्याविषयी. मी सरकारी कचेरीत कारकून. बहीण डोंबिवलीला दिलेली, त्यामुळे वर्षातून एक-दोनदा कोकणकन्या पकडून मुंबईला जाणं होतं. बहिणीकडे दोन दिवस राहिलो की एक दिवस माझा स्वतःचा. त्या दिवशी मी मुंबईच्या पोटातली मुंबई बघत फिरतो. गेटवे, राणीचा हार वगैरे पाहून झालं आहे. मला आवडतात त्या रस्त्यावरून न दिसणाऱ्या जागा. एखादी बोळ, तिच्या शेवटी अवचित उघडणारं अंगण, चाळीच्या मधला चौक, इमारतीमागची बाग.

आणि मुंबईत अशा जागा पुष्कळ आहेत. काळाघोड्याजवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयासमोरून लाखो लोक जातात. ती १८७० मधली इमारत सगळ्यांना माहीत असते, पण तिच्या मागे झाडांची शांत बाग आहे हे कितींना ठाऊक? डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. बागेच्या खाली पाण्याची भलीमोठी टाकी, वर हिरवळ, समोर गोदी आणि जहाजं. टिळकांचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा ते हेच. त्यांचं म्हातारपाखाडी हे गावठाण तिथून जवळच आहे. माझगावच्या गर्दीत वळणावळणाची बोळ, लाकडी जिने आणि क्रूस. आपण कोकणातल्या एखाद्या वाड्यावर आलो की काय असं वाटतं. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. तिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. दोन चाळींमधली ती मोकळी जागा नसती तर मुंबईच्या सार्वजनिक गणेशोत्सवाला पहिलं अंगण कुठलं मिळालं असतं?

गोंयकाराला तर या जागांत आपली माणसं भेटतात. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव १७१५ मध्ये नव्याने बांधून काढला तो राम कामतींनी. त्या परिसरात आपल्या कवळे मठाची शाखा आहे. भायखळ्याच्या राणीबागेजवळचं १८७२ चं वस्तुसंग्रहालय १९७५ पासून ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते डॉ. भाऊ दाजी लाड पेडण्यातल्या मांद्र्याचे. त्या आवारात मुंबईच्या रस्त्यांवरून उचलून आणलेले इंग्रजांच्या काळातले पुतळे ठेवले आहेत. राज्य गेलं की राजे मागच्या अंगणात जातात, हे तिथे गेल्यावर कळतं.

आणि कूड. धोबीतलावला जेर महालासारख्या जुन्या इमारतीत गोव्यातल्या गावोगावचे कूड असत. बोटीवर नोकरी मिळायची वाट पाहणारा तारवटी तिथे आपल्या गावच्या माणसांत पथारी टाकी, संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्स म्हणे आणि बोट लागली की पेटी तिथेच ठेवून निघे. एका कुडात मी ओळखीने गेलो होतो. तिथल्या वयस्कर सांभाळणाऱ्याने अल्ताराचा फोटो खुशाल काढू दिला. भिंतीलगतच्या पेट्यांकडे कॅमेरा वळवला तेव्हा मात्र हात आडवा केला. म्हणाला, "अल्तार सगळ्यांचा. पेट्यो लोकांच्यो." त्याने एका वाक्यात सांगितलेला नियम मला कळायला मात्र पुढे खोताच्या वाडीतल्या आंटी भेटाव्या लागल्या.

आता प्रश्न असा की, हे फोटो काढावेतच का?

माझं उत्तर माझ्या घरापाशी आहे. आमचं मूळ घर डिचोली तालुक्यात. पुढे वसरी, आत राजांगण, चारी बाजूंनी खांब, मधे तुळस. पावसाळ्यात चारी पागोळ्यांचं पाणी राजांगणात पडायचं आणि आम्ही मुलं खांबाला टेकून ते बघत बसायचो. उन्हाळ्यात तिथेच सोलं आणि पापड वाळत. माझी मुंज तिथेच झाली. घर सामायिक होतं. आजोबा गेले, इन्व्हेंटरी झाली आणि वाटे पडले. २००४ मध्ये राजांगणाच्या बरोबर मधून चिऱ्यांची भिंत आली. तुळस आमच्या वाट्याला, उतरणारा पाऊस काकांच्या वाट्याला. दोन-चार वर्षांत दोन्हीकडच्यांनी वर पत्रे घातले. यात कोणाला दोष देत नाही. मुलं वाढतात, संसार वाढतात, न्हाणीघरं लागतात.

काही वर्षांनी माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, राजांगण म्हणजे कसं असतं?" मी आल्बम काढला. मुंजीचे फोटो बघितले. प्रत्येक फोटोत माणसंच माणसं. मामा, आत्या, भटजी, हारतुरे. राजांगण कुठेतरी मागे, धूसर. एका फोटोत अर्धा खांब आहे, एकात तुळशीचा कट्टा, त्यावर कोणीतरी पाण्याचा तांब्या ठेवलेला. तेवढंच. राजांगणाचा म्हणून एकही फोटो नाही. फोटोग्राफरला गावातून मुद्दाम बोलावलं होतं, रोल मोजून वापरायचा होता, घराचा फोटो कोण काढणार? घर काय, असणारच होतं.

मी कागदपत्रांतला माणूस. एक-चौदाच्या उताऱ्यावर आमच्या घराचा सर्व्हे नंबर आहे, क्षेत्रफळ आहे, कब्जेदारांची नावं आहेत. इन्व्हेंटरीच्या कागदांत कोणाला कोणती खोली तेही आहे. पागोळ्यांचं पाणी कुठे पडायचं, तांब्या कुठे ठेवायचा, हे कोणत्याच कागदात नाही. दप्तरात जमीन राहते, राहणं राहत नाही. म्हणून फोटो काढावेत, असं माझं ठाम मत आहे. खोताच्या वाडीचंच बघा. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने अठराव्या शतकाच्या शेवटी आपली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना घरांसाठी दिली आणि वाडी उभी राहिली. साठ-पासष्ट घरं होती असं सांगतात. आज त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. गेलेल्या घरांचं अंगण कसं होतं हे आता कोणाला विचारणार?

काही स्नेही म्हणतात, फोटोने घर वाचतं थोडंच? नाही वाचत. पण कधी कधी फोटो साक्षीला उभा राहतो. २०२४ च्या जूनमध्ये बाणगंगेचा गाळ काढताना पायऱ्यांवरून यंत्र उतरवलं गेलं आणि जुन्या दगडी पायऱ्यांची हानी झाली. त्याची चित्रं लोकांपर्यंत पोहोचली, ओरड झाली, ठेकेदारावर गुन्हा नोंदला गेला. कोणी टिपलंच नसतं तर दोन-चार दगड निखळलेले पाहून पुढच्या पिढीने ते कालमानाने गेले असं समजून घेतलं असतं.

पण दुसरी बाजू मला आंटींनी दाखवली, आणि ती आपल्या दारातही आहे. पणजीच्या फोंताईन्हासमध्ये जा. पिवळ्या-निळ्या भिंतींसमोर रांग लागलेली असते. कोणी खिडकीच्या गजाला लटकतो, कोणी परक्याच्या पायरीवर कपडे सावरतो. लोकांनी घरावर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्या आहेत, आणि पाटीसमोर उभं राहून फोटो काढणारेही मी पाहिले आहेत. त्या भिंतीमागे कोणी आजारी असेल, कोणी रात्रपाळी करून झोपलं असेल, हे त्यांच्या गावीही नसतं. तिथले रहिवासी चिडले की आपणच म्हणतो, काय बाई माणूसघाणे लोक! आपल्या तुळशीसमोर रोज पन्नास अनोळखी माणसं उभी राहिली तर आपण किती दिवस हसून नमस्कार करू?

मग फरक कुठे आहे? विचार केल्यावर मला असं दिसतं की, एक फोटो जागेचा असतो आणि दुसरा जागेसमोर उभं राहिलेल्याचा. दुसऱ्या प्रकारच्या फोटोला त्या घराशी काही देणंघेणं नसतं, रंगीत पडदा लावला तरी चालेल. पहिल्या प्रकारचा फोटो काढायचा तर वेळ द्यावा लागतो, दार वाजवावं लागतं, बोलावं लागतं. आणि रिकाम्या घराचा देखणा फोटो, जो मी त्या दिवशी काढत होतो, तो या दोहोंच्या मधला. दिसायला जागेचा, पण त्यातून राहणारी माणसं पुसलेली. राहती घरं अशी ओसाड दाखवत राहिलो तर एक दिवस बिल्डरलाही म्हणायला सोपं जातं की इथे आहे कोण?

कचेरीत आवक-जावकचा क्रमांक नसलेला कागद हा कागदच नव्हे. फोटोलाही मी आता तोच नियम लावतो. तारीख, वाडीचं नाव, कोणी माहिती सांगितली, घर कोणत्या कामासाठी वापरतात, हे सगळं वहीत लिहितो. विचारल्याशिवाय कॅमेरा काढत नाही. नको म्हटलं तर हसून पुढे जातो, आणि खरं सांगतो, दहातले सात जण होच म्हणतात, वर चहा विचारतात. राहत्या घराचा पत्ता आणि दार ओळखू येईल असा फोटो चारचौघांत टाकत नाही. दोरीवरचे कपडे असले तर असू देतो. आणि एक प्रत छापून घरच्यांना पाठवतो. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपण त्यांच्या घरातून काहीतरी नेतो, तर त्यांच्याकडे काही परत गेलं पाहिजे.

पुरातत्त्व खात्याच्या यादीत देवळं, चर्च आणि किल्ले येतात. तुमच्या-आमच्या घराची राजांगणं कोणत्याही यादीत येणार नाहीत, आणि सगळीच यावीत अशी माझी अपेक्षाही नाही. पण एखाद्या पंचायतीने, एखाद्या ग्रामीण वाचनालयाने आपल्या गावातल्या जुन्या घरांचे फोटो, घरच्यांच्या संमतीने आणि त्यांच्या तोंडच्या माहितीसह, एका फाईलीत लावून ठेवायला खर्च तो किती? शाळेतली मुलंसुद्धा हे काम करतील. आपापल्याच घरात विचारायचं असल्यामुळे परवानगीचाही प्रश्न नाही.

खोताच्या वाडीतला तो फोटो मी शेवटी काढला. आंटी कठड्याला हात टेकून उभ्या आहेत, मागे दोरीवर टॉवेल आहे, दुधाची पिशवी पायरीवर आहे. जिन्याची रेषा बिघडली, उजेडही डोक्यावर आला होता. पोस्टाने प्रत पाठवली तेव्हा त्यांचा फोन आला. फोटो बरा आलाय वगैरे काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, साळगावला माझ्या वडिलांचं घर आहे की पडलं, जाऊन बघशील? मी गेलो. भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. मागच्या अंगणात विहीर आहे आणि तिच्यावरचा रहाट अजून आहे. मी सगळ्याचा फोटो काढला, शेजाऱ्यांना विचारून. आंटींना पाठवला. त्यावर मात्र त्यांचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

असो. चवथीला आपण सगळे मूळ घरी जातो. माटोळीचे फोटो तर हरेक मोबाईलमध्ये असतात. या खेपेस गर्दी जेवायला बसली की एक फोटो राजांगणाचा काढा, एक न्हाणीचा, एक मागच्या दाराचा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला मधे बसवा. त्यांना बाजूला व्हायला सांगू नका. छापून घ्या आणि मागे तारीख घाला.