निवेदन : पालकत्व गरजेपुरते असावे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, स्थानिक स्तर समिती (राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999), जालना

विषय : प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचे पालकत्व ठरवताना त्यांचे म्हणणे ऐकून घेणेबाबत.

महोदय,

आमची मुले-भावंडे 18 वर्षांची झाली, तशी बँकेत आणि तहसीलमध्ये आमची सही चालेनाशी झाली. त्यांची सही तर कोणी घेतच नाही. म्हणून पालकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही आपल्या समितीकडे येतो. आमच्या माघारी यांचे कोण पाहील, ही चिंता खरी आहे. पण त्या चिंतेपोटी त्यांच्या आयुष्याचे सगळेच निर्णय आमच्या हाती यावेत, हे आम्हाला मान्य नाही.

कायद्यालाही ते मान्य नाही. पालकाची गरज आहे का आणि नेमकी कशासाठी, हे 1999 च्या अधिनियमाच्या कलम 14 नुसार समितीने पाहायचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने तर आधी नेमलेले पालकही मर्यादित पालकच मानले आहेत. संरक्षणाच्या नावाखाली काय घडू शकते, हे महाराष्ट्राने 1994 साली पाहिले आहे. शिरूरच्या शासकीय गृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये मासिक पाळीतील स्वच्छतेचे कारण देऊन काढण्यात आली. त्या मुलींना विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, आदेशापूर्वी समितीने त्या व्यक्तीला स्वतः भेटावे, थोडा वेळ तरी नातेवाइकांना बाहेर थांबवून. मंठा, भोकरदन, घनसावंगीच्या लोकांसाठी सुनावणी तालुक्यालाच ठेवावी. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्याशी खुणांनी, चित्रांनी बोलावे. पालकत्व जमिनीपुरते, खात्यापुरते की उपचारापुरते, हे आदेशात स्पष्ट लिहावे. कोणाकडे राहायचे, कोणते काम करायचे, मजुरीचे पैसे कशावर खर्चायचे, हे आपोआप पालकाच्या अधिकारात जाऊ नये.

जमिनीच्या बाबतीत मात्र संरक्षण कडकच हवे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या अशा भावाचा किंवा बहिणीचा अंगठा हक्कसोडपत्रावर सहज उमटवून घेतला जातो. पालक स्वतः सहहिस्सेदार असेल, तर समितीच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही व्यवहार होऊ नये. 1999 च्या अधिनियमाच्या कलम 16 प्रमाणे पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. ज्यांनी तो दिलेला नाही, त्यांच्याकडून मागवावा.

तसेच दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मागे राहणाऱ्या दिव्यांग प्रौढांची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि आशाताईंनी त्यांची नियमित विचारपूस करावी.

आपले विश्वासू,
बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे पालक व भावंडे, जालना जिल्हा

प्रत : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जालना