जीभ घसरली की मन फिरलं?

मंडळी, आज थोडं पत्त्यांविषयी. ब्रिज न खेळणाऱ्यांनी लगेच पळून जाऊ नये, कारण प्रश्न पत्त्यांपुरता नाही.

ब्रिजमध्ये बोली जिंकून डाव खेळणाऱ्याला डिक्लेअरर म्हणतात. पहिली उतारी झाली की त्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि 'डमी' होतो. मग डमीतलं कुठलं पान खेळायचं ते डिक्लेअररने नाव घेऊन सांगायचं आणि भिडूने मुकाट्याने ते पुढे करायचं. आता तोंडून भलतंच नाव गेलं तर?

याचं उत्तर नियमावलीतल्या ४५व्या नियमात आहे. २०१७ च्या आवृत्तीत ते फार नेमकं दिलं आहे. जीभ घसरली असेल तर पान बदलता येतं. लक्ष उडालं असेल किंवा फेरविचार केला असेल तर नाही. मुदतही ठरलेली : डिक्लेअररने स्वतःच्या हातातून किंवा डमीतून पुढचं पान खेळेपर्यंतच.

मनात किलवर असताना तोंडून 'चौकट' निघालं, तर ती जिभेची चूक. पण समजा, डमीत बदामचा एक्का आणि राणी आहे. डिक्लेअरर हातातून लहान बदाम खेळतो, डावीकडचा चक्क राजा टाकतो आणि हा न बघताच, आधी ठरवल्याप्रमाणे, 'राणी' म्हणतो. मग कितीही हळहळला तरी राणीच जाणार, कारण त्या क्षणी त्याला राणीच हवी होती.

काहीजण म्हणतात, ही भानगड हवी कशाला? बुद्धिबळात हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो, तसं इथेही 'बोललं ते गेलं' करून टाका, वाद मिटेल. मला हे पटत नाही. दुरुस्तीआधी प्रतिस्पर्ध्याने पान टाकलं असेल, तर त्यालाही ते परत घेऊन दुसरं टाकता येतं. म्हणजे त्याचं नुकसान काही नाही. फुकटचा फायदा तेवढा जातो.

शिक्षकाला हा फरक नवा नाही. शिवराज्याभिषेकाचं साल विचारल्यावर एखादी मुलगी '१७६४' म्हणते आणि तोंड मिटायच्या आत '१६७४' करते. दुसरी बाईंच्या कपाळावरची आठी पाहून उत्तर बदलते. दोघींना एकच गुण कसा द्यायचा?

अडचण एकच. पंच प्रश्न विचारेल, डाव तपासेल, पण मनात डोकावू शकणार नाही. तिथे अखेरचा साक्षीदार खेळाडू स्वतःच. "नाही, मला राणीच हवी होती," असं स्वतःच्या तोट्याचं उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर येते. 'बोललं ते गेलं' केलं की खोटं बोलायची सोय जाईल खरी, पण खरं बोलायची गरजही उरणार नाही.

आणि आमच्या वयाचं काय? सत्तरीनंतर नातवाला हाक मारताना आधी त्याच्या बापाचं नाव तोंडात येतं. म्हणून कोणी नातवाला ओळखत नाही असं होत नाही. कडक नियमाने शिक्षा होईल ती जिभेला, खेळाला नाही. मात्र वयाचं निमित्त करून फेरविचाराला जिभेची चूक म्हणू नये, हेही तितकंच खरं.

असो. घरच्या टेबलावर तुम्ही काय करता? पान परत घेऊ देता की नाही?