ऑर्डर मोडली, मग पुढं काय?

मागच्या महिन्यात घोडेगावला गेलो होतो. आंबेगाव तालुक्याचं कोर्ट तिथंच. बाहेरच्या टपरीवर आपल्याच वस्तीतली एक बाई भेटली. पिशवीत कोर्टाची ऑर्डर, घड्या घालून घालून फाटायला आलेली. नवऱ्यानं मारायचं नाही, कामाच्या जागी फिरकायचं नाही, असा हुकूम. तो बांधावर आला आणि सगळ्यांसमोर तिला तुडवलं. ठाण्यात सांगितलं गेलं, "बाई, घरचं भांडण, कोर्टात जा."

साफ खोटं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कलम १८ चा संरक्षण आदेश मोडला, अंतरिम असला तरी, की कलम ३१ नं तो गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर २० हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कलम ३२ नं गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. आदेशाची प्रत कोर्टानं ठाण्यालाही फुकट द्यायची असते, तेव्हा 'आम्हाला माहीत नव्हतं' हेही चालायचं नाही. आणि एकट्या तिच्या साक्षीवर गुन्हा झाला असं कोर्ट ठरवू शकतं. ज्या गावांत आपल्या बाजूनं साक्षीला कुणी उभं राहत नाही, तिथं या एका ओळीची किंमत काय, ते आपल्याला शिकवायला नको.

(थकलेल्या पोटगीला कलम ३१ लावायला अनेक हायकोर्टं तयार नाहीत. तिच्या वसुलीचा अर्ज वेगळा टाकावा.)

संरक्षण अधिकाऱ्यानं आदेशातलं काम विनाकारण टाळलं तर कलम ३३ खाली त्यालाही तेवढीच शिक्षा. पण खटल्याला सरकारची परवानगी लागते! सरकार आपल्या माणसाला बरोबर सांभाळतं.

आणि आपण कुणाला सांभाळतो? तिचा नवरा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत झेंडा घेऊन पुढं असतो. ठाण्यात त्याच्यासाठी रदबदली करायला गेली ती आपलीच पोरं. म्हणे समाजाची अब्रू जाईल. मीही जुन्नर तालुक्यात एकदा अशाच मिटवामिटवीला बसलो होतो. चहा प्यालो, तिचा अंगठा घेतला, उठलो. हिंदू कोड बिल गुंडाळलं गेलं, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्यामागचं एक मोठं कारण. त्यांनी मंत्रिपद सोडलं, आम्हाला चहा सोडवेना.

सोमवारी आम्ही चौघं तिच्यासोबत जाणार. लेखी तक्रार, दोन प्रती, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. ठाण्यानं नाहीच घेतली तर ज्या मॅजिस्ट्रेटनं आदेश दिला त्याच्यापुढं अर्ज. पुण्या-मुंबईतल्या ज्यांचं गाव जुन्नर-आंबेगावात आहे, त्यांनी रविवारच्या रात्रीची एसटी धरावी.