निरोपाची तारीख ठरलेली बरी

गेल्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून आमच्या मावशीचा फोन आला. "आमचा मिनिस्टर बदलला, बरं का," ती म्हणाली. आम्ही मॉरिशसची माणसे! मिनिस्टर म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पोर्ट लुईसचे मंत्रिमंडळच उभे राहते. मावशी हसली आणि म्हणाली, "तो नव्हे! आमच्या गल्लीच्या टोकाला मेथडिस्ट चर्च आहे ना, तिथला पाद्री."

आपल्या बेटावरून ज्या अनेक मुली परिचारिकेच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, त्यांतली ही एक. घरी तिचा गणपती बसतो, तुळशीपुढे दिवा लागतो. पण दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी चहा असतो, तिथे ती आवर्जून जाते. आमचे काका वारले त्या आठवड्यात हा पाद्री दोनदा तिच्याकडे येऊन बसला होता. धर्माचा एक शब्दही न काढता त्याने तिचे बोलणे ऐकून घेतले. असा माणूस जातो म्हणून तिला वाईट वाटत होते. "त्याचे काही चुकले का?" आम्ही विचारले. "छे! त्याची वेळ झाली," मावशी म्हणाली.

या 'वेळ झाली' शब्दांनी आम्हांला विचारात पाडले.

मेथडिस्ट पंथाची ही रीत जुनी आहे. त्याचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) स्वतः घोड्यावर बसून गावोगाव फिरत. एकाच ठिकाणी वर्षभर उपदेश केला तर आपल्यालाही झोप येईल आणि ऐकणाऱ्यांनाही, असे त्यांचे मत होते. १७८४ च्या त्यांच्या दस्तऐवजात असा नियमच घातला गेला की, परिषदेने एका उपदेशकाला एका प्रार्थनामंदिरात सलग तीन वर्षांहून अधिक काळ नेमू नये. आज ब्रिटनमध्ये पहिली नेमणूक साधारणपणे पाच वर्षांची असते आणि दोन्ही बाजूंची इच्छा असल्यास ती वाढते. त्यांचे नवे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते, म्हणून ऑगस्टमध्ये पाद्र्यांच्या घरांतून खोकी बांधली जातात.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. संन्याशाने चातुर्मास सोडून एका गावी फार दिवस राहू नये, असे आपलीही परंपरा सांगते. माणूस गावात अडकतो आणि गाव माणसात अडकते, हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते.

परंतु नुसती बदली करून काम चालत नाही. त्यांच्याकडे अनेक चर्चेसचे मिळून एक मंडल असते आणि एका पाद्र्याकडे त्यांतली दोन-चार तरी चर्चेस असतात. कोणत्या रविवारी कोठे कोण उपदेश करणार याचे वेळापत्रक काही महिने आधी छापले जाते. त्यांतल्या पुष्कळ प्रार्थना सामान्य माणसे चालवतात. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी गृहिणी. त्यासाठी ती रीतसर शिक्षण घेतात, पण पगार घेत नाहीत. किल्ल्या, हिशेब आणि आजाऱ्यांची विचारपूस स्थानिक कारभारी पाहतात. म्हणून पाद्री गेला तरी दिवा विझत नाही.

याची किंमतही मोजावी लागते. पाद्र्याचे घर चर्चचे असते. तो गेला की बायकोमुलांसह सारा संसार हलतो, मुलांच्या शाळा बदलतात. म्हाताऱ्यांना आपले दुःख नव्याने सांगावे लागते. शिवाय ही रीत म्हणजे काही जादूचा मंत्र नव्हे. ब्रिटनमध्ये मेथडिस्टांची संख्या वर्षानुवर्षे घटतच आली आहे. तरीही तिच्यातून आपण काही घ्यावे असे आम्हांला वाटते. का, ते आमच्याच अनुभवावरून सांगतो.

पूर्वी पश्चिमेकडच्या एका गावात आम्ही संध्याकाळचा मराठी वर्ग नऊ वर्षे चालवला. किल्ली आमच्याकडे, हजेरीपट आमच्याकडे, गणेश चतुर्थीला मुलांचे नाटुकले बसवायचे तेही आम्हीच. लोक म्हणत, "तुमच्याशिवाय इथे पान हलत नाही," आणि आम्ही सुखावत असू. पुढे आमची बदली बेटाच्या दुसऱ्या टोकाला झाली. दोन महिन्यांत वर्गाला कुलूप लागले. आम्ही पालकांना दोष दिला, मुलांना दिला, क्रिओलला दिला. स्वतःला मात्र दिला नाही. त्या वर्गात एक मोठी मुलगी होती. पुस्तके वाटायची, लहानग्यांचा हात धरून अक्षरे गिरवून घ्यायची. तिच्या हाती आम्ही एकदाही खडू दिला नाही. अध्यापक-प्रशिक्षणात आम्हांला शिकवले होते की, शिक्षकाने हळूहळू स्वतःची गरज कमी करत न्यावी. परीक्षेत आम्ही ते लिहिले, गुणही मिळवले. वर्गात मात्र उलट वागलो.

वाचकहो, आपल्या मंडळांत, देवळांत, बैठकांत याहून वेगळे काय चालते? अध्यक्ष पंधरा-वीस वर्षे तोच. आरती सांगणारे काका एकच, आणि त्यांचा घसा बसला की सगळी सभा एकमेकांची तोंडे पाहते. प्रसादाचे सारे काम बायकांचे, पण व्यासपीठावर किती? ब्रिटनचे मेथडिस्ट चर्च १९७४ पासून स्त्रियांना पाद्री म्हणून दीक्षा देत आले आहे. मावशीकडे आलेली नवी पाद्रीही बाईच आहे.

कोणी म्हणेल, "आपला समाज एवढासा, माणसे आणायची कोठून?" आमचे म्हणणे असे की, ज्याला कधी बोलावलेच नाही तो येणार कसा? प्रत्येक पदाला वर्षांची मर्यादा घालावी. पहिल्याच दिवशी सोबत दुसऱ्याचे नाव लिहावे. जाणाऱ्याला हार घालून मानाने निरोप द्यावा आणि त्यानेही नव्याच्या खुर्चीमागे उभे राहून कुजबुज करू नये. वडीलधाऱ्यांचा यात अपमान नाही. त्यांनी लावलेले झाड त्यांच्यानंतरही उभे राहावे, यातच त्यांचा मान आहे.

मावशीला धास्ती होती की, नव्या बाईंना काकांचे नावसुद्धा ठाऊक नसेल. पण दुसऱ्याच आठवड्यात त्या दारात उभ्या राहिल्या आणि काकांचे नाव घेऊनच बोलल्या. चर्चच्या कारभाऱ्यांनी कोणाकडे आधी जायचे याची यादी करून ठेवली होती आणि तीत ही हिंदू विधवाही होती. पाद्री बदलला, पण ओळख चर्चच्या लोकांपाशी राहिली.

आमच्या सध्याच्या गावात यंदा आम्ही पुन्हा वर्ग सुरू केला आहे. मुले अकराच आहेत. हजेरीपटावर शिक्षकांची नावे मात्र दोन आहेत आणि शुक्रवारी खडू दुसऱ्याच्या हाती असतो.