घरी बनवलेल्या विमानाचं इंजिन बदललं, तर त्याची चाचणी पुन्हा का घ्यावी लागते?

शिवाजी पेठेत कुणाच्या दुचाकीचं इंजिनकाम झालं, की मेस्त्री बजावून सांगतो, "गाडी अजून रनिंगला आहे. दामटू नका, लांब नेऊ नका, रिंगा बसू द्या." वाटेत बंद पडलीच, तर गाडी कडेला घ्यायची आणि ढकलत आणायची.

हेच काम विमानाचं असेल तर? आकाशात कडेला घ्यायला जागा नसते.

स्वतः विमान बनवणाऱ्यांचे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर फिरतात. चाकं जमिनीवरून सुटली, की टाळ्या पडतात आणि व्हिडिओ संपतो. पण विमान खरोखर उडण्यालायक आहे का, याचं उत्तर त्यानंतरच्या कित्येक तासांत मिळतं. आणि इंजिन बदललं, की त्यातला बराचसा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

महाराष्ट्रात असं विमान उडालं आहे का?

हो. मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि त्याला व्हीटी-एनएमडी ही ओळख मिळाली. उड्डाणाची परवानगी यायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या विमानतळावर त्याच्या चाचणी उड्डाणाचा पहिला टप्पा पार पडला.

म्हणजे विमान लोकांसमोर येण्यापासून ते आकाशात जाईपर्यंत साडेचार वर्षं गेली. नोंदणी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे, आणि एकदा उडणं म्हणजे चाचणी संपणं नव्हे.

दुसरी घटना त्यानंतर बरोबर वर्षभराने, ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात घडली. एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवरच चाचणी घेत होता. मागच्या पंख्याचं पातं तुटलं, त्याने वरच्या मोठ्या पंख्याला धडक दिली आणि तरुणाचा जीव गेला. हेलिकॉप्टर हवेत गेलंही नव्हतं.

इंजिन बदललं की नेमकं काय बदलतं?

पहिली गोष्ट म्हणजे तोल. नवं इंजिन दहा-पंधरा किलोने जड असेल, तर विमान नाकाकडे झुकतं आणि उतरताना नाक वर उचलणं कठीण होतं. हलकं असेल तर शेपटीकडचा भार वाढतो. हे जास्त धोक्याचं. वेग फार कमी होऊन पंखांचा आधार सुटला, तर विमानाचं नाक खाली यायला हवं, म्हणजे वेग परत मिळतो. शेपूट जड असेल तर नाक खाली येतच नाही. म्हणून इंजिन बदलल्यावर विमान पुन्हा वजनकाट्यावर ठेवून तोलाचा बिंदू नव्याने काढतात.

दुसरी गोष्ट इंधनाची. विमान जमिनीवर आडवं उभं असताना इंधन नीट येतं, पण नाक वर करून चढताना येईलच असं नाही. म्हणून चाक खड्ड्यात उतरवून किंवा शेपूट खाली घेऊन विमान चढणीच्या कोनात उभं करतात आणि नळीतून येणारं इंधन मोजतात. टाकीतून नुसतं उतरून येणारं इंधन हे उड्डाणाच्या वेळच्या गरजेच्या दीडपट, आणि पंपाने येत असेल तर सव्वापट हवं, असा संकेत आहे. समजा इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला ४० लिटर पीत असेल, तर आधीच्या प्रकारात ६० आणि नंतरच्या प्रकारात ५० लिटरच्या दराने इंधन यायला हवं.

याशिवाय इंजिन धरून ठेवणारा सांगाडा, थंड हवा आत घेणारी वाट, तेलाचा कूलर आणि पंखा म्हणजे प्रोपेलर, हे सगळं नव्या इंजिनाशी जुळावं लागतं. इंजिन कंपनीतून आलेलं कोरं असलं, तरी नळ्या, वायरी आणि क्लॅम्प माणसानेच हाताने बसवलेले असतात. एक सैल जोड पुरेसा होतो.

गाडीसारखं हळूहळू रनिंग का करत नाहीत?

इथे विमानाचं गणित गाडीच्या उलटं आहे. लहान विमानांमधली बरीच पिस्टन इंजिनं हवेवर थंड होतात. ती नवी असताना कमी ताकदीवर फार वेळ चालवली, तर रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर पुरेशा दाबल्या जात नाहीत. भिंतीवर तेल भाजून काचेसारखा थर बसतो, रिंगा कधीच नीट बसत नाहीत आणि इंजिन तेल खाऊ लागतं. जमिनीवर उभं ठेवून जास्त वेळ चालवलं, तर पुरेशी हवा न मिळाल्याने ते तापतं.

त्यामुळे असं इंजिन जमिनीवर थोडकंच चालवायचं आणि हवेत नेऊन साधारण ६५ ते ७५ टक्के ताकदीवर चालवायचं, अशी पद्धत आहे. खरी अडचण इथेच आहे. इंजिनावर सर्वांत कमी भरवसा असतो, त्याच वेळी त्याच्याकडून सर्वांत जास्त काम घ्यावं लागतं.

मग पहिलं उड्डाण कसं करतात?

शक्य तितकं कंटाळवाणं. सकाळची थंड हवा, कमी वारा, लांब धावपट्टी आणि विमानात एकटा वैमानिक. उड्डाण करून विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालत उंची घ्यायची, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी तरंगत धावपट्टीवर उतरता येतं. तेलाचा दाब आणि सिलिंडरचं तापमान यांवर सतत नजर ठेवायची. थोड्या वेळाने उतरून इंजिनावरचं झाकण उघडायचं आणि कुठे गळती, कुठे घासल्याची खूण आहे का ते पाहायचं.

सर्वांत धोक्याचा क्षण उड्डाणानंतरचं पहिलं मिनिट. उंची कमी असताना इंजिन थांबलं, तर मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह होतो. पण वळताना उंची झपाट्याने जाते आणि वेगही हातचा जातो. अशा वेळी समोरच, थोडं डावी-उजवीकडे पाहून, मोकळी जागा शोधून उतरायचं असतं. हा निर्णय जमिनीवर असतानाच पक्का करून ठेवावा लागतो. धावपट्टीच्या टोकाला शेत आहे की वस्ती, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. चाचणी घेणाऱ्याने धोका स्वतःहून पत्करलेला असतो, खाली राहणाऱ्यांनी नाही.

आकडे आणि नियम काय सांगतात?

घरी बनवलेली विमानं सर्वांत जास्त अमेरिकेत आहेत. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि छोट्या विमानांच्या ताफ्यात त्यांचा वाटा सुमारे १० टक्के होता, पण २०११ मध्ये एकूण अपघातांत तो १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के निघाला. इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही मुख्य कारणं होती. निम्म्याहून अधिक अपघात वापरलेल्या, म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या विमानांचे होते.

तिथे अशा नव्या विमानाला सर्वसाधारणपणे २५ किंवा ४० तासांची चाचणी ठरावीक क्षेत्रात पूर्ण करावी लागते. इंजिन बदलण्यासारखा मोठा बदल केला, तर विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात जातं. किमान ५ तास, दिवसाउजेडी, प्रवासी न घेता. त्याची नोंद लॉगबुकात झाल्यावरच मित्राला शेजारी बसवता येतं.

आपल्यासाठी यात काय आहे?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम, लेथ आणि इंजिनकाम जाणणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. विमानाचा सुटा भाग घडवणं त्यांना अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं. चाचणीसाठी मोकळी जागा, तपासणारा जाणकार आणि ठरावीक वेळेत उत्तर देणारी परवानगीची वाट लागते.

यादवांच्या विमानाला परवानगी मिळण्यासाठी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना केंद्राकडे पाठपुरावा करावा लागला होता. प्रत्येक बनवणाऱ्याला मुख्यमंत्री भेटणार नाही. वाट इतकी लांब राहिली, तर कुणी नाद सोडेल आणि कुणी परवानगीविना स्वतःच्या जिवावर चाचणी घेईल. यवतमाळने त्याची किंमत दाखवली आहे.

म्हणून पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला, तर शाबासकी जरूर द्या. सोबत एक प्रश्नही विचारा : याची चाचणी कुणी, कुठे आणि किती तास घेतली?