सर, त्या यादीत आम्ही कुठे होतो?

औषधचाचण्यांच्या सर्व प्रमुख संशोधक डॉक्टरांना,



मी वाळूजची, बजाजनगरला राहते. चाचण्यांवर रिसर्च नर्स म्हणून काम करते. मागच्या चाचणीचा शोधनिबंध छापून आला. आकडेमोड करणाऱ्यांपासून कंपनीच्या सल्लागारांपर्यंत सगळ्यांची नावं लेखकांच्या यादीत होती. आम्ही मात्र शेवटच्या ओळीत, ‘नर्सिंग स्टाफचे आभार’ एवढ्यापुरत्या. वाईट वाटलं, सर.

रांजणगावच्या खोलीत राहणारा कंत्राटी कामगार तुम्ही चाचणी समजावताना प्रत्येक वाक्याला मान हलवतो. तुम्ही राउंडला गेलात की मला विचारतो, “सिस्टर, खाडा पडला तर पगार कापतील. त्याचं काय? मधेच सोडलं तर उपचार बंद होतील का?” संमती टिपणारा कॅमेरा असलाच, तर तोवर बंद झालेला असतो. खरी संमती तिथून पुढे सुरू होते. कधीही सोडता येतं, उपचार थांबणार नाहीत, हे मी त्याला तीन-तीनदा सांगते. त्यावर एखादा सही न करताच उठून जातो आणि ‘भरती कमी का?’ हे मलाच ऐकावं लागतं!

बीपीचा पट्टा बांधताना कुणी सहज बोलून जातो, “गावाकडे दोन दिवस अ‍ॅडमिट होतो, सलाईन लावलं.” तुमच्या लेखी तो गंभीर प्रतिकूल घटनेचा अहवाल, २४ तासांत पाठवायचा. पण त्याने ते सांगितलं कुणाला? रक्ताच्या नमुन्याची वेळ मी चुकीची लिहिली, तर तुमचा आलेखही खोटाच की.

रोटाव्हॅक लशीच्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूची मिळून ६,७९९ बाळं होती. तेवढ्या आयांचा विश्वास काय एकट्या डॉक्टरांनी मिळवला असेल?

औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. वकील हवा, सामान्य माणूस हवा, एक स्त्री हवी. समाजशास्त्रज्ञाच्या जागी तत्त्वज्ञ चालतो, धर्मशास्त्राचा जाणकारही चालतो. नर्स असलीच पाहिजे, असं कुठेही नाही. देवाधर्माचं जाणणाऱ्याची आठवण झाली, रात्रपाळीला रुग्णाच्या उशाशी बसणारीची नाही.

नवीन चाचणीच्या डेलिगेशन लॉगवर, म्हणजे कोणतं काम कुणाकडे या नोंदीवर, मी सही करीनच, पेशंट माझे आहेत. पण निबंधात नर्सचं नाव घाला. समितीच्या पुढच्या बैठकीला एका नर्सला बोलवा आणि तिचं मत विचारा. चहा सांगायला दुसरं कुणीतरी बघा.

आपली,
एक रिसर्च नर्स, वाळूज